सात सीटर

दीनानाथजींनी ताटावरचा लाल रुमाल उचलला तेव्हा विश्वासरावांना आधी नारळच दिसला. मग नारळाला टेकवून ठेवलेली किल्ली दिसली. काळी, चपटी, कोरी करकरीत, आणि तिच्या कडीत कुणीतरी हौसेनं लाल-पिवळा धागा गुंडाळलेला.

"अंकलजी, चाबी थोड़ी ऊपर," फोटोग्राफर म्हणाला.

दीनानाथजींनी ताट वर केलं. ते अंकुरसमोर धरलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. त्यांनी ते धरलं विश्वासरावांसमोर, मुलाच्या बापासमोर, दोन्ही हातांनी, मान जराशी वाकवून.

"बच्चों के लिए, भाईसाहब."

दिल्लीला लागून असलेल्या बहादूरगडात टिळ्याच्या कार्यक्रमासाठी घेतलेल्या त्या हॉलला समोरून सगळी काच होती. काचेपलीकडे, जिथे मघाशी येताना नुसती जाजमं अंथरलेली दिसली होती, तिथे आता एक गाडी आणून उभी केली होती. पांढरी, लांबलचक, बॉनेटवर लाल रिबिनीचा भलामोठा बो. विश्वासरावांना गाडी कुठली हे ओळखायला जवळ जावं लागत नसे. मागचा दरवाजा नि त्याच्या मागची काच पाहिली की पुरे. तीन रांगा. सात सीटर.

टाळ्या वाजल्या. होणाऱ्या सुनेच्या, इशिताच्या, मावश्या, आत्या, काका, सगळे काचेशी जाऊन उभे राहिले. कुणीतरी शिटी मारली. अंकुर मात्र सोफ्यावर ताठ बसला होता. त्याच्या कपाळावर नुकताच लावलेला टिळा अजून ओला होता.

"बाबा, हे काय आहे?" त्यानं ओठ न हलवता मराठीत विचारलं. "तुम्ही काही बोलला होतात का त्यांच्याशी?"

"मी? छे रे," विश्वासराव म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांनी किल्लीवरची नजर काढून घेतली. कारण ते बोलले होते. चांगले तासभर बोलले होते.

विश्वासराव तांबवेकर हा तसा गाडीवेडा माणूस. मानेसरच्या एका कारखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली. तिथे गाड्या बनत नसत, गाड्यांच्या दारांच्या कडेला असते ती रबराची पट्टी बनत असे. दार लावलं की धप्प असा बंद आवाज यावा, पाणी नि धूळ आत येऊ नये, एवढंच त्या पट्टीचं काम. पण दारापर्यंत पोचलेल्या माणसाला आतलं सगळं कळल्यासारखं वाटतं, तसं त्यांचं झालं होतं. सिग्नलला थांबले की शेजारच्या गाडीबद्दल त्यांचं एक मत असे आणि ते ऐकून घेण्यावाचून अरुणाबाईंना गत्यंतर नसे. माणसंसुद्धा ते गाड्यांच्या भाषेत सांगत. नवे साहेब सेडान आहेत, पुढून गुळगुळीत आणि सगळं सामान मागे कुलपात. शेजारचे अंशुमनबाबू पिकअप, मागे काहीही टाका, तक्रार नाही. बायकोला ते हॅचबॅक म्हणत. बाहेरून एवढीशी, आत बघावं तर सगळं घर मावतं. अरुणाबाईंना हा विनोद लग्नानंतर पहिली काही वर्षं आवडला होता.

इशिता ही अंकुरच्या ऑफिसातली. दोघांनी ठरवलं, मग घरच्यांनी पाहिलं. पहिल्याच भेटीत अरुणाबाईंनी स्वच्छ सांगून टाकलं होतं, की आमच्यात देण्याघेण्याची पद्धत नाही, आम्हाला मुलगी आणि नारळ. इशितानं ते घरी जाऊन हिंदीत सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं, ऑफिसात सांगितलं. तिच्या दोन्ही चुलत बहिणींच्या लग्नात काय काय गेलं हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. आपलं तसं होणार नाही याचा तिला इतका अभिमान, की ती अंकुरकडून एकेक मराठी शब्द शिकायला लागली आणि विश्वासरावांना सरळ "बाबा" म्हणायला लागली. विश्वासरावांना ते फार आवडलं होतं.

मग नोव्हेंबरात दीनानाथजींनी विश्वासराव-अरुणाबाईंना जेवायला बोलावलं. इशिताचे वडील दीनानाथजी सरकारी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. मितभाषी माणूस. जेवणं झाल्यावर सगळे गच्चीवर उन्हात बसले. मध्ये किन्नूंची, म्हणजे तिकडच्या संत्र्यांची, परात होती. दीनानाथजी एक किन्नू सोलत होते. सोलता सोलता, वर न बघता, त्यांनी विचारलं,

"भाईसाहब, आप तो गाड़ियों के आदमी हैं. बच्चों के लिए आजकल कौन सी ठीक रहती है?"

या भागात हुंडा हा शब्द चारचौघांत कुणी तोंडातून काढत नाही. गाडी कोणती, एवढंच विचारतात. नवरामुलगा कारकून असेल तर हॅचबॅक, बँकेत असेल तर सेडान, त्याहून वर असेल तर एसयूव्ही, आणि मग त्यातही उंची, लांबी, रांगा. गाडीच्या प्रकाराचं नाव घेतलं की बाकीचं सगळं आपोआप समजतं. विश्वासराव लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये लहानाचे मोठे झाले, सारा जन्म दिल्लीत काढला. त्यांना हे ठाऊक नव्हतं असं म्हणता येणार नाही. कारखान्यातल्या लोकांच्या लग्नांत ते जेवले होते. मांडवाबाहेर रिबीन बांधून उभ्या केलेल्या गाडीभोवती फिरून, दारं उघडून, पट्टी आपल्याकडची आहे का हेही बघून आले होते. पण ते लोक वेगळे. आपल्यात असलं काही नसतं, हे त्यांच्या डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं की तोच प्रश्न आपल्याला कुणी विचारील हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

त्यांची कळीच खुलली. त्यांनी चष्म्याची डबी, साखरेचा डबा आणि दोन किन्नू पुढे ओढले आणि दीनानाथजींसमोर मांडणी केली. ही पुढची पेटी, इंजिनाची. ही मधली, माणसांची. ही मागची, सामानाची. तीन पेट्या वेगळ्या दिसल्या की सेडान. मागची पेटी मधलीच्या पोटात गेली की हॅचबॅक.

"तो हैचबैक ठीक रहेगी?" दीनानाथजींनी विचारलं.

"हैचबैक तो कॉलेज के बच्चों के लिए है जी! चार आदमी बैठे, घुटने मुँह को लगे."

"फिर सेडान?"

"अब सेडान कौन लेता है? हर स्पीड ब्रेकर पर पेट घिसता है."

दीनानाथजींनी किन्नूची एक फोड वेगळी केली, पण तोंडात घातली नाही. "छोटी वाली एसयूवी भी आती है, सुना है."

"कॉम्पैक्ट? वो तो ऊँची एड़ी पहनी हुई हैचबैक है!" विश्वासराव आपल्याच वाक्यावर मनापासून हसले. ते वाक्य त्यांनी कारखान्यात अनेकदा वापरलं होतं आणि ते नेहमी चालत असे.

मग क्रॉसओव्हर झाली, तिला त्यांनी ना धड इकडची ना धड तिकडची ठरवली. कूपे झाली. टप उघडणारी झाली, दिल्लीच्या धुरात टप उघडून बसायला कोण वेडा आहे म्हणून तिलाही निकालात काढली. अरुणाबाईंनी मध्येच त्यांच्या पायावर पाय ठेवला. इशिताची आई परात तशीच टाकून खाली निघून गेली. विश्वासराव एव्हाना शेवटाकडे आले होते.

"असली गाड़ी तो सात सीटर," ते म्हणाले. "बच्चे हैं, कल को उनके बच्चे होंगे, हम बूढ़े भी कहीं जाएँगे. सब एक साथ. उससे नीचे मैं तो न लूँ."

"जी," दीनानाथजी म्हणाले. "समझ गया."

परतताना दिल्लीच्या हद्दीवर, टिकरीच्या अलीकडे, गर्दीत अडकल्यावर अरुणाबाई बोलल्या.

"ते काय विचारत होते, कळलं का तुम्हाला?"

"काय विचारणार? सल्ला विचारत होते."

"घरी गेल्यावर फोन करा. आम्हाला काही नको म्हणून पुन्हा एकदा सांगा. स्पष्ट."

"काहीतरीच! उगाच त्यांना वाटेल आपण त्यांच्यावर संशय घेतोय. बिल्कुल तसे नाहीयेत ते." मग बायकोचा चेहरा बघून ते म्हणाले, "बरं, उद्या करतो."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात तपासणी होती. त्यानंतर अरुणाबाईंनी दोनदा आठवण केली, तेव्हा एकदा त्यांना बरं नव्हतं आणि एकदा ते म्हणाले की करतो गं, सारखं काय. फोन राहून गेला. निदान ते स्वतःला तसंच सांगत.

आणि आता ते ताट समोर होतं.

विश्वासरावांनी दोन्ही हातांनी ते मागे सारलं. "नहीं नहीं, दीनानाथजी. हमें कुछ नहीं चाहिए. सच में."

हॉलभर हशा पिकला. तो वाईट हशा नव्हता. उलट सगळे खूश झाले. "समधीजी शरमा रहे हैं," एक काका म्हणाले, आणि दुसऱ्यानं विश्वासरावांचा हात धरून किल्लीवर टेकवला. फोटो निघाला. नाही म्हणणं हा त्या घेण्याचाच एक भाग होता, जसं वाढताना पानावर हात आडवा धरायचा आणि तरी वाढून घ्यायचं. विश्वासराव पुन्हा नाही म्हणाले, जरा मोठ्यानं म्हणाले. लोक आणखी हसले. त्यांनी इशिताकडे पाहिलं. ती अंकुरच्या शेजारी बसून आपल्या ओढणीची किनार सरळ करत होती. सरळच असलेली किनार ती पुन्हा पुन्हा सरळ करत होती. मघाशी आल्या आल्या ती पाया पडली तेव्हा "नमस्ते अंकल" म्हणाली होती. गडबडीत म्हणाली असेल, असं विश्वासरावांना तेव्हा वाटलं होतं. आता त्यांना त्याचा अर्थ लागला आणि लाजेनं त्यांचे कान गरम झाले. मुलीला गेले कितीतरी दिवस हे माहीत होतं. आपल्याबद्दल असं वाटत असतानाही ती आज इथे नटून बसली होती, नि ते मुकाट्यानं गिळत होती.

त्यांनी ताट खुर्चीवर ठेवलं आणि दीनानाथजींचा दंड धरून त्यांना हॉलच्या मागे नेलं. तिथे आचाऱ्यांची धांदल चालली होती. जिलबीची कढई तापली होती. एका बाजूला थंड पेयांचे रिकामे क्रेट एकावर एक रचले होते.

दीनानाथजींचा चेहरा उतरला होता. विश्वासरावांनी तोंड उघडण्याआधीच ते बोलायला लागले.

"कोई कमी रह गई, भाईसाहब? छोटी पड़ गई?"

"अहो..." विश्वासरावांच्या तोंडून मराठीच आलं.

"सबसे ऊपर वाला मॉडल तो नहीं मिला, उसमें देर लग रही थी. मगर तीन लाइन पूरी हैं. मैंने बैठकर देखी हैं." त्यांनी घाम पुसला. "आपने कहा था कॉम्पैक्ट नहीं, ऊँची एड़ी पहनी हुई हैचबैक होती है. तो वो मैंने देखी ही नहीं. सेडान का आपने कहा था पेट घिसता है. आपकी एक-एक बात याद रखी है मैंने."

ते वाक्य त्यांनी जराही न हसता, धडा म्हणून दाखवावा तसं म्हटलं. विश्वासरावांना वाटलं, इथल्या इथे जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. आपण ज्या वाक्यावर मांडी थोपटून हसलो, ते हा माणूस एकेका शोरूममध्ये मनात घोळवत हिंडला होता.

"दीनानाथजी, मैं तो बस बातें कर रहा था," ते कसंबसं म्हणाले. "आपने पूछा, मैं शुरू हो गया. मेरी आदत है. घर में पूछ लीजिए. गाड़ी हमें तब भी नहीं चाहिए थी, अब भी नहीं चाहिए. आपकी है, आप चलाइए."

 दीनानाथजी मागे न बघता एका क्रेटवर बसले.

"बस बातें," ते म्हणाले.

"हाँ जी."

"इशिता भी यही कहती थी. बहुत लड़ी मुझसे. पापा, वो बस बातें कर रहे हैं, वो लोग ऐसे नहीं हैं. मैंने डाँटा उसे. कहा, इस उम्र का आदमी घंटा भर बस बातें नहीं करता. फिर वो भी चुप हो गई." त्यांनी कढईकडे तोंड फिरवलं. "गाँव वाला प्लॉट..." त्यांनी सुरुवात केली आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. नोव्हेंबरात दीनानाथजींच्या दारात उभी असलेली त्यांची जुनी हॅचबॅक आज बाहेर दिसली नव्हती. ती कशात गेली हे विश्वासरावांना न विचारता कळलं.

मग दीनानाथजी उठले. त्यांचे डोळे भरून आले होते. भूगोलाच्या त्या मितभाषी मास्तरांनी, मुलीच्या बापानं, हात जोडले.

"मुझे माफ कर दीजिए, भाईसाहब. मैंने आपको लालची समझा. इतने दिन रोज़ मन-ही-मन आपको गालियाँ देता रहा. आप जैसे आदमी को."

विश्वासरावांनी पुढे होऊन ते हात धरले. दीनानाथजी रडत होते नि हसतही होते. त्यांनी वाढप्याकरवी इशिताला बोलावून घेतलं. अरुणाबाईही तिच्या मागोमाग आल्या. "बेटा, तू ठीक कहती थी," दीनानाथजी तिला म्हणाले. "ग़लती मेरी थी. सारी ग़लती मेरी थी." इशितानं आधी वडिलांकडे पाहिलं, मग विश्वासरावांकडे. क्षणभर तिला खरं वाटेना. मग तिच्या तोंडावर जे आलं ते विश्वासरावांना बघवलं नाही. ती वाकली, आणि त्यांच्या पायांवर कपाळ टेकून हुंदके द्यायला लागली.

"मला माफ करा, बाबा," ती मराठीत म्हणाली. तिला वाक्य नीट येत होतं. "मी पण तुम्हाला वाईट समजले."

काही बोलायचं असेल तर ते आत्ताच बोलायला हवं होतं. विश्वासरावांना ते पुरतं कळत होतं. कारण त्या नोव्हेंबरातल्या रविवारी, घरी पोचल्यावर, अरुणाबाई लिफ्टनं वर गेल्या होत्या आणि ते खाली तळघरातल्या पार्किंगमध्येच रेंगाळले होते. त्यांच्या गाडीत मोजायची टेप नेहमी असते, धंद्याची सवय. ती काढून त्यांनी आपल्या गाडीच्या जागेच्या दोन खांबांमधलं अंतर मोजलं. मग खांबापासून भिंतीपर्यंत मोजलं. बायकोनं टिकरीला जे सांगितलं होतं ते त्यांना तिनं सांगण्याआधीच कळलेलं होतं, गच्चीवर, "समझ गया" ऐकलं त्या क्षणी. नुसतं बघू या, मोजायला काय जातं, असं म्हणत ते ओणवे होऊन भिंतीशी टेप धरत होते, तेवढ्यात अरुणाबाई गाडीत राहिलेली किन्नूंची पिशवी न्यायला खाली आल्या. काय मोजताय, त्यांनी विचारलं. काही नाही, सोसायटीवाले विचारत होते, असं ते म्हणाले होते.

इशिताचं कपाळ अजून त्यांच्या पायांवर होतं. दीनानाथजी हात जोडूनच उभे होते.

"उठ, बेटा," विश्वासराव म्हणाले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग दीनानाथजींना म्हणाले, "छोड़िए. हो जाता है."

पुढचं सगळं झटपट झालं. दीनानाथजींनी हॉलमध्ये जाऊन माइक घेतला आणि सगळ्यांना सांगितलं. आधी कुणाला पटेना. मग किल्ली खरोखरच विश्वासरावांनी दीनानाथजींच्या खिशात घातली तेव्हा लोक उठून उभे राहिले. मघाच्या काकांनी विश्वासरावांना मिठीच मारली. ऐसे लोग अब कहाँ मिलते हैं, असं कुणीतरी कुणाला तरी सांगत होतं. अंकुर उठून आला नि त्यानं वडिलांच्या खांद्यावर हात टाकला. तो हात त्यानं बराच वेळ काढला नाही.

जेवणाची ताटं आली. मुलाचे आईवडील म्हणून त्यांना मधल्या टेबलावर बसवलं होतं. चारी बाजूंनी हिंदी आणि हरियाणवीचा गलका चालला होता. इशिता स्वतः वाढत होती. विश्वासरावांच्या ताटात तिनं दोन जिलब्या जास्त घातल्या आणि ती पुढच्या टेबलाकडे गेली.

अरुणाबाई शेजारी बसल्या होत्या.  त्यांनी पोळीचा तुकडा मोडला आणि ताटाकडे बघतच, शेजारच्या माणसाला मीठ मागावं इतक्या साध्या आवाजात विचारलं,

"मावत होती ना?"

विश्वासरावांनी काचेबाहेर बघितलं नाही.

"हो," ते म्हणाले. "दारं उघडूनसुद्धा."